कंबर आणि गुडघे : माझा अनुभव

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



या ठिकाणी बोलावयास उभे राहण्याची माझी ही पहिलीच वेळ. सातवीपर्यंत शिकलेली मी एक साधी गृहिणी. व्यासपीठावर आजवर चढले ते सतरंजी घालण्यासाठी, नाहीतर समई लावण्यासाठी. पण मागच्या हळदीकुंकवाच्या फराळाला आपल्या चिटणीसबाईंनी मला पंगतीत मांडी घालून बसलेले पाहिले आणि मोठ्याने विचारले, "अहो, तुम्ही तर खुर्चीवाल्या ना?" सगळ्या हसल्या, मीही हसले. आणि त्या हसण्याचे हे भाषण माझ्या गळ्यात पडले.

खुर्चीवाल्या म्हणजे कोण, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आपल्या मंडळात दहा-बारा वर्षांपूर्वी भिंतीला टेकून ठेवलेल्या चार खुर्च्या पुरत असत. आता भजनाला बसायचे तर आधी खुर्च्या मोजाव्या लागतात. कोणाची कंबर, कोणाचा गुडघा, कोणाची मान. आणि मौज अशी की ज्या बाईला खुर्ची लागते, तीच घरी जाऊन दोन तास ओट्यापाशी उभी राहते आणि सकाळी उकिडवी बसून अंगण सारवते. खुर्ची फक्त चारचौघांत. घरच्या कामाला दुखण्याची सुट्टी नाही.

माझे माहेर घाटाखालचे, नांदुरा तालुक्यातले. काळी जमीन, कापसाचा मुलूख. दहाव्या-अकराव्या वर्षापासून मी वेचणीला जात असे. ज्यांनी वेचणी केली आहे त्यांना सांगावयास नको. कमरेला ओटी बांधायची आणि दिवसभर अर्धवट वाकून चालायचे. पूर्ण वाकणे नाही, पूर्ण उभे राहणेही नाही. ओटी भरत जाते तसा सगळा भार पुढे ओढतो आणि कंबर मागे ओढत राहते. निंदणाला याच्या उलट, सारा दिवस उकिडवे. मग पाण्याचे हंडे. मग लग्न, सासर संग्रामपूर तालुक्यात, तिथेही कापूसच. पुढे आमच्या घरच्यांना खामगावला जिनिंगमध्ये हिशोबाचे काम मिळाले आणि आम्ही इकडे आलो. शेत सुटले, पण शेताने दिलेली कंबर सोबत आली. तिसाव्या वर्षी ती कुरकुरू लागली, आणि अडतिसाव्या वर्षी डावा गुडघा तिला येऊन मिळाला.

यापुढे मी काय काय केले ते सांगते. लाज वाटते, पण सांगते. कारण यांतले निम्मे तुम्हीही केले असेल.

आधी घरचे उपाय. रुईचे पान गरम करून बांधले. निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेतला. तेल चोळले. यांनी बरे वाटे, रात्र निघून जाई. मग कोणीतरी सांगितले म्हणून गुडघ्याला बिब्बा लावला. बिब्ब्याने कपड्यावर खूण केली तर ती धुण्यात जात नाही. तसलाच तो कातडीवर उतला. गुडघा दुखायचा राहिला नाहीच, वर फोड आले आणि डाग अजून आहे. भगिनींनो, बिब्बा लावू नका, एवढे तरी आज घरी घेऊन जा. त्यानंतर एका चोळणाऱ्याकडे गेले. त्याने मला पालथे निजवून पाठीवर पाय देऊन दाबले. तिथून मी रिक्षात आडवी होऊन घरी आले. मग एका दवाखान्यात कमरेचे मोठे चित्र काढले, आणि "मणक्यात गॅप आहे" असे सांगितले गेले. पट्टा मिळाला. आठ महिने मी तो पट्टा बांधून वावरले. शेवटी पट्टा सोडला की कंबर माझी नव्हेच असे वाटू लागले. दुसऱ्या एका ठिकाणी पायाला वजन लावून ताणण्याच्या दहा बैठकी झाल्या. बैठक होती तोवर बरे, जिना उतरले की पुन्हा तेच.

आणि गोळ्या. या गोळ्यांविषयी मला थोडे थांबून बोलायचे आहे.

माझ्या सासूबाईंचे गुडघे माझ्याहून वाईट होते. त्यांना गावातल्या एका दुकानातून वातावरची पुडी मिळत असे. तीत दोन-तीन रंगांच्या गोळ्या, नाव-गाव काही नाही. पुडी घेतली की त्या ताठ उभ्या राहून भाकरी थापत. मी एकदा म्हटले, "रोज नका घेऊ." तर म्हणाल्या, "माय व, या पुडीनं दोन घडी डोळा लागते. तेवढं तं राहू दे मले." मी राहू दिले. काय करणार? मला तरी दुसरा उपाय कुठे ठाऊक होता! मग त्यांच्या पायांवर सूज आली, तोंड सुजले, जेवण जाईना. तपासले तर मूत्रपिंडे थकलेली. आपल्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, मूत्रपिंडाच्या आजाराची माणसे किती आहेत ते आपण जाणताच. तिथले पाणीच खारट. त्यात दुखण्यावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होते, हे डॉक्टर सांगतात. सासूबाईंच्या बाबतीत पाण्याने किती केले आणि पुडीने किती, हे कोणी छातीठोक सांगितले नाही. २०१९ साली त्या गेल्या. त्यांचे सामान आवरताना उशीखाली चार पुड्या सापडल्या. त्या मी फेकल्या नाहीत, डब्यात ठेवल्या. कारण त्या वेळी माझीही कंबर धरलेली होती. पुढे दोन पुड्या मी घेतल्या. हे मी आजपर्यंत आमच्या घरीसुद्धा सांगितलेले नाही.

तिसरी घेण्याचा धीर झाला नाही. २०२२ साली, माझ्या बहिणीची मुलगी परिचारिका आहे, तिने मला धरून भौतिकोपचार करणाऱ्या एका मुलीकडे नेले. भौतिकोपचार म्हणजे आपण ज्याला फिजिओथेरपी म्हणतो ते. पंचविशीची मुलगी. मी मनात म्हटले, ही काय माझी कंबर बरी करणार! माझ्या चित्राच्या पाकिटाला तिने हात लावला, पण आधी उघडले नाही. विचारले, "काकू, तुम्हाला काय करता येईनासं झालंय?"

सगळे आजवर विचारीत, कुठे दुखते. काय करता येत नाही, हे कोणी विचारले नव्हते. मी म्हटले, पंगतीत बसता येत नाही. आणि पालखीबरोबर चालता येत नाही. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत येते तेव्हा खामगावहून शेगावपर्यंत सोळा-सतरा किलोमीटर अलोट माणसे पायी जातात. लग्न होऊन आल्यापासून मी जात असे. सात वर्षे घरी बसून होते. एवढे सांगताना मला रडू आले. त्या मुलीने ते दोन्ही वहीत लिहून घेतले आणि मग पाकीट उघडले.

चित्र पाहून ती म्हणाली, "काकू, ज्यांना काहीच दुखत नाही अशा तुमच्या वयाच्या माणसांचं चित्र काढलं तरी पुष्कळदा असंच दिसतं. चित्रात दिसतं ते सगळं दुखतं असं नाही." मैत्रिणींनो, तो 'गॅप' मी चार वर्षे उराशी धरून बसले होते! वाकले तर मणका निसटेल या भीतीने मी बादली उचलत नव्हते, नातवंडासारखा भाचा कडेवर घेत नव्हते. न हलल्यामुळे स्नायू दुबळे झाले, दुबळ्या स्नायूंमुळे जास्त दुखू लागले, जास्त दुखते म्हणून आणखी हलले नाही. गुडघ्याचेही तेच. "वाटी झिजली, ग्रीस संपलं" असे सगळे म्हणतात. झीज असतेच. पण मांडीचा पुढचा स्नायू बळकट असला तर तो गुडघ्याचा पुष्कळ भार स्वतःवर घेतो, आणि माझा तो स्नायू, ती म्हणाली, रजेवर गेला होता.

मग तिने जो क्रम घालून दिला, तोच मला आज मुख्यतः सांगावयाचा आहे. कारण त्यांतली एकही गोष्ट नवी नव्हती. शेक मी घेतला होता, चोळून मी घेतले होते, व्यायामाचा कागदही एकदा कोणी दिला होता. पण आज शेक, महिन्याने चोळणे, कधीतरी दोन दिवस व्यायाम, असे सुटे सुटे. तिने या सगळ्यांची एक वेणी घातली.

प्रथम पंधरा मिनिटे शेक. गरम पाण्याची पिशवी, मध्ये टॉवेलची घडी. त्यानंतर पाच मिनिटे हलक्या हाताने चोळणे, दोन्ही अंगठ्यांनी, हाडावर नव्हे, बाजूच्या मांसल भागावर. हे ती स्वतः करी. मग तिने माझ्या मुलीला शिकवले. आणि शेक-चोळण्याने अंग सैल झाले आहे तोच, तिथल्या तिथे, व्यायाम. नंतर नाही, जेवण झाल्यावर नाही, तेव्हाच. मी विचारले, एवढी घाई कशाला? ती म्हणाली, "काकू, शेकाचा आराम तासभराचा असतो. तो तास तुम्ही निजून घालवता, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा शेक लागतो."

माझ्या डोक्यात तेव्हा एकदम प्रकाश पडला. आपण कणीक भिजवून मुरायला ठेवतो ती पोळ्या लाटायच्या म्हणून. मी इतकी वर्षे कणीक मुरवीत होते आणि पोळी काही लाटत नव्हते.

चोळल्याने बरे का वाटते, तेही तिने सांगितले. पोराला ठेच लागली की आई आधी त्या जागी हात चोळते. हे कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी याचा एक उलगडा मांडला. दुखण्याची वर्दी मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते, तिथे जणू एक दार असते. स्पर्शाची, चोळण्याची वर्दी त्याच वेळी आली तर ते दार थोडे लोटले जाते आणि दुखणे कमी पोहोचते. पुढे त्यावरूनच विजेच्या बारीक मुंग्या देणारे यंत्र निघाले, ज्याला टेन्स म्हणतात. त्याच मुलीने मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार पटली. दुखणे जुने झाले की कधीकधी जखम भरून येते, तरी मज्जातंतू ओरडतच राहतात. चोर निघून गेला तरी कुत्रे रात्रभर भुंकत राहते, तसे. अशा वेळी दुखते म्हणजे आत काही मोडतेच आहे असे समजू नये.

व्यायाम कोणते? अगदी साधे. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच आकडे मोजेपर्यंत. असे दहा वेळा. उताणे निजून, गुडघे मोडून, कंबर वर उचलायची. रांगत्या पोरासारखे होऊन पाठ मांजरासारखी वर काढायची, मग खाली सोडायची. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचे आणि सावकाश बसायचे. आणि ओट्याला धरून टाचा उचलायच्या. हा मी कुकरच्या शिट्ट्यांबरोबर करते, वरणाच्या चार शिट्ट्या होईतो. पहिल्या आठवड्यात खुर्चीवरून मी पाच वेळांपेक्षा जास्त उठू शकले नाही आणि मला लाज वाटली. घाम फुटे. आमच्या घरचे पेपरातून डोके काढून म्हणत, "हे काय नवीन?" आता ते स्वतः माझ्या शेजारी उठबस करतात, पण ते त्यांच्यासमोर म्हणू नका.

दुखले तर काय करायचे, हा प्रश्न आपल्यातली प्रत्येक बाई विचारील. व्यायामाने पहिल्या दिवसांत थोडे दुखते. तिने मला माप दिले: व्यायामाचे दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पहिल्या ठिकाणी यायला हवे. आले तर चालू ठेवा. नाही आले तर बंद न करता निम्मे करा.

आणि चालणे. पाच मिनिटांपासून सुरुवात, दर आठवड्याला दोन-दोन मिनिटे वाढवायची. वजनाचेही तिने एक गणित सांगितले, ते मी सगळ्यांना ऐकवते: एक किलो वजन उतरले तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. माझे वर्षभरात चार किलो उतरले. म्हणजे दर पावलाला सोळा किलो! सोळा किलोंचे गव्हाचे पोते डोक्यावरून कोणी उतरवून घेतले तर आपण त्याला आशीर्वाद देऊ की नाही?

आता या उपचारातला जो भाग मला सर्वांत जड गेला तो. तो व्यायाम नव्हे. आपली बायकांची रीत अशी, की ज्या दिवशी कंबर बरी असते त्या दिवशी सगळे उरकून घ्यायचे. गोधड्या धुवायच्या, डबे घासायचे, पापड करायचे. आणि मग तीन दिवस आडवे पडायचे. त्या मुलीने मला हे मोडायला लावले. बऱ्या दिवशीही वीस मिनिटे काम, मग उठून पाठ ताठ करायची, चार पावले चालायचे. वाईट दिवशीही थोडे काम, थोडा व्यायाम, निजून राहणे नाही. हे ऐकायला सोपे आहे. घरात करून पाहा! गोधडी अर्धी भिजत टाकून उठले की शेजारीण विचारते, "काहून व, थकली का एवढ्यात?" सहा महिने मी लोकांच्या बोलण्याला भ्याले, आणि सहा महिने माझे दुखणे त्यामुळे लांबले, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पहिले सहा आठवडे गुडघ्याला काहीएक फरक पडला नाही, हेही सांगते. रात्रीची झोप तेवढी सुधारली. सोडून देणार होते. तिने वही काढून दाखवली: पाच वेळा उठणारी बाई अकरा वेळा उठत होती. दुखणे तेवढेच, पण बळ दुप्पट. नवव्या आठवड्यात मी एक दिवस जिना उतरून खाली आले आणि मग लक्षात आले की कठडा धरलाच नव्हता.

एका गोष्टीवरून आमचे भांडणही झाले. तिच्याकडे ते मुंग्यांचे यंत्र होते आणि ध्वनिलहरींचेही. मला मुंग्यांचे यंत्र फार आवडे. अर्धा तास स्वस्थ पडून राहायचे, कोणी हाक मारीत नाही. घरी असा अर्धा तास मिळतो कुठे? सहा बैठकींनंतर तिने ते बंद केले. मी रागावले. पैसे मी देते, मग लावायला काय होते? ती म्हणाली, "तुम्हाला हलता यावं म्हणून लावलं होतं. आता तुम्ही हलता." भाचीने नंतर मला वाचून समजावले. इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्य-मार्गदर्शन संस्थेने २०१६ सालीच कंबरदुखीविषयी सांगितले होते, की हाताने करावयाचे उपचार द्यायचे तर व्यायामाच्या जोडीनेच द्या, आणि टेन्स, ध्वनिलहरी, ताणणे, पट्टा हे देऊ नका. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही जुनाट कंबरदुखीसाठी जवळपास तेच सांगितले: माणसाला त्याचे दुखणे नीट समजावून सांगा, व्यायाम द्या, चोळण्याचा उपयोग होऊ शकतो, पण ताणणे, पट्टे, ध्वनिलहरी आणि टेन्स नेहमीच्या उपचारात नकोत. जगात २०२० साली कंबर दुखणारी माणसे एकसष्ट कोटींहून अधिक होती, असेही तीच संघटना सांगते. तेव्हा आपण एकट्या नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर मुंग्यांच्या यंत्राने मला पहिल्या दिवसांत धीर दिला, हे मी नाकारणार नाही. पण माझा धीर आणि माझा गुडघा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आणि ज्या ठिकाणी रोज फक्त यंत्रे लावून घरी पाठवतात, व्यायाम शिकवीत नाहीत, तिथे महिनोन्‌महिने पैसे घालवू नयेत. मागे आपल्या मंडळात एक गृहस्थ चुंबकाची गादी विकायला आले होते, ते आठवते ना? आपल्यातल्या तिघींनी हप्त्याने घेतली. चुंबकाने दुखणे जाते, असे नीट केलेल्या तपासण्यांत दिसून आलेले नाही. गादीवर निजायला हरकत नाही, हप्ता मात्र जड आहे.

कोणी म्हणेल, ही सगळी परदेशी विद्या. आपल्या योगासनांचे काय? तर योगासने हाही व्यायामच. लोणावळ्याला कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो ते शास्त्रीय रीतीने तपासले. आणि भौतिकोपचाराची शाळा मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५३ सालीच निघाली आहे. म्हणजे ही विद्या आपल्या राज्यात माझ्या जन्माच्याही आधीपासून होती. ती खामगावच्या कापूस वेचणाऱ्या बाईपर्यंत पोहोचायला मात्र इतकी वर्षे लागली; आणि संग्रामपूरच्या बाईपर्यंत ती वेळेवर पोहोचली नाही.

काही सावधगिरीच्या गोष्टी घाईने सांगते. ज्यांना मधुमेह आहे आणि पायाला बधिरपणा आहे, त्यांनी गरम पिशवी आधी दुसऱ्याच्या हाताला लावून पाहावी. पाय भाजला तरी कळत नाही. नुकतीच लचक भरली, सांधा सुजला, गरम लागतो आहे, तर पहिले एक-दोन दिवस शेक नको, फडक्यात गुंडाळून बर्फ. सकाळी उठल्यावर तास-तासभर बोटे मिटत नसतील, सांधे सुजत असतील, तर तो वेगळ्या जातीचा संधिवात असू शकतो. त्याला औषध लागते, व्यायामावर थांबू नये. आणि कंबरदुखीबरोबर पायाची शक्ती जाऊ लागली, लघवी-शौचाची जाणीव राहीनाशी झाली, ताप येतो, वजन आपोआप उतरते, पडल्यानंतर दुखू लागले, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तिथे रुईचे पान नको आणि माझे भाषणही नको. गोळी लागली तर डॉक्टरांना विचारून, नाव वाचून घ्यावी. पुडी घेऊ नये.

आता पालखीचे. २०२४ च्या पावसाळ्यात मी निघाले. पहाटे अंधारात, गर्दी अशी की पाऊल आपोआप पडते. अर्ध्या-अर्ध्या तासाने रस्त्याच्या कडेला थांबून पाठ ताठ करीत होते. लोकांना वाटे ही बाई दमली, चहा आणून देत. सुमारे नऊ किलोमीटर झाले आणि गुडघ्याने सांगितले, पुरे. मी टेम्पोत बसले. थोडे वाईट वाटले. रात्री गुडघ्याला थोडी सूज होती, बर्फ लावला, तिसऱ्या दिवशी उतरली. २०२५ साली बारा किलोमीटर झाले. आमच्या घरचे मोटारसायकल घेऊन मागेमागे होते, दर थोड्या वेळाने म्हणत, "बसतं का आता?" मी म्हणे, नाही. शेगाव अजून चार-पाच किलोमीटर राहिले आहे.

सासूबाईंच्या त्या उरलेल्या दोन पुड्या मी आज सकाळी टाकून दिल्या. भाषणात सांगायचे ठरवल्यावर घरात ठेवणे बरे दिसेना.

अध्यक्षाबाईंनी घड्याळ दाखवले आहे. शेवटची विनंती अशी, की येत्या गुरुवारपासून दुपारी चार वाजता मंडळाच्या ओसरीवर आपण हे व्यायाम एकत्र करू. ती भौतिकोपचारवाली मुलगी पहिल्या दिवशी येऊन प्रत्येकीला वेगळे काय करायचे आणि काय टाळायचे ते पाहून देणार आहे. तिने फी घेणार नाही म्हटले आहे, तेव्हा चहा मात्र आपण द्यायचा. येताना एक जाड सतरंजी आणि एक टॉवेल आणावा. खुर्च्याही लागतीलच, उठबस करायला.